पाचवी बुडी

"नाव सांगा साहेब. होडीत बसणाऱ्या प्रत्येकाचं लिहावं लागतं. नाव, वय, गाव."

"घ्या लिहून." साहेबांचा एक डोळा कॅमेऱ्याला लावलेला होता आणि कॅमेरा नदीपलीकडच्या माडांवर. "अरविंद जयसिंग सरनोबत. वय पन्नास. कोल्हापूर."

मी 'अरविंद' लिहिलं, 'जयसिंग' लिहिलं आणि तिथंच माझं पेन थांबलं.

"काय हो, शाई संपली काय?"

"नाय साहेब. ऊन डोळ्यार येता," मी म्हणालो आणि आडनाव लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं.

सन दोन हजार सहा, मे महिना, सकाळचे आठ. नदीकाठच्या रिसॉर्टच्या धक्क्यावर आम्ही उभे होतो. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर सुट्टीत शोधत याल आणि मलाच विचाराल, तो खडक कुठला म्हणून. मालवणच्या अंगाला, नदी समुद्राला मिळते तिथलं गाव, एवढं पुरे. रिसॉर्ट नवंकोरं होतं. झावळ्यांच्या छपराच्या बारा खोल्या, दोन माडांमध्ये झोपाळे, आणि पॅकेजात दोन दिवसांची होडीची सफर. पहिल्या दिवशी नदीच्या वरच्या अंगाला कांदळवन, पक्षी, मधलं बेट. दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाला डॉल्फिन आणि सूर्यास्त. गिऱ्हाईक रिसॉर्टचं, होडी आणि इंजिन माझं.

साहेबांबरोबर तिघीजणी होत्या. पत्नी शैलाबाई, मुलगी मृणाल आणि मृणालची पाच वर्षांची सई. सई उडी मारूनच होडीत आली. शैलाबाई मात्र धक्क्यावर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"आज समुद्राकडं नाही ना जायचं?" त्यांनी मला विचारलं.

"आज नाय बाईंनू. आज वरच्या अंगाक."

मग त्या आल्या आणि बरोबर मधोमध बसल्या, दोन्ही हातांनी फळी धरून. तेव्हा मला वाटलं, घाटावरचं माणूस, पाण्याला भितं.

कांदळवनाच्या वळणावर मी इंजिन हळू केलं. साहेब खुशीत होते. दर मिनिटाला कॅमेरा कट कट वाजत होता.

"मृणाल, मी ह्याच नदीत आलो होतो बरं का, कॉलेजात असताना. सात जण होतो आम्ही. तुझी आईपण होती. माझ्या वडिलांचा जर्मन कॅमेरा ह्या नदीनं खाल्लाय! आज असता तर लोकांनी बघायला रांग लावली असती."

"खाल्ला म्हणजे?"

"होडी उलटली ना! होडीवाला टाईट. नको म्हणत असताना थेट नदीच्या तोंडावर घातली होडी त्यानं. आम्ही कसेबसे वाचलो."

"आणि होडीवाला?"

"तो गेला बिचारा." साहेबांनी कॅमेरा उचलला. "अगं, तो बघ खंड्या! हलू नका कुणी."

कट. खंड्याचा फोटो निघाला.

माझा हात सुकाणूच्या दांड्यावर होता. मी दांडा इतका घट्ट धरला की संध्याकाळी भाकरी मोडताना बोटं दुखत होती. शैलाबाई मात्र खंड्याकडे बघत नव्हत्या, पाण्याकडे बघत होत्या.

तो 'बिचारा' माझा थोरला भाऊ. सगुण विठू मेथर.

सत्याहत्तर सालचा डिसेंबर. मी चौदा वर्षांचा, सगुण चोवीसचा. बाबा गेल्यापासून गावचा तारी तोच. गावची तर, म्हणजे उतारूंची होडी, तोच चालवायचा, या काठची माणसं त्या काठाला. कोल्हापूरची कॉलेजातली सात पोरं आली, म्हणाली नदीचं तोंड दाखवा. सगुण म्हणाला, सुकती लागली आहे, पाणी बाहेर ओढतंय, तोंडावर लाटा फुटतात, उद्या सकाळी नेतो. हे मी माझ्या कानांनी ऐकलं, कारण मी धक्क्यावर जाळं सुकवत होतो. पोरं ऐकेनात. त्यातल्या उंच पोराने होडीत बसून वल्हंच हातात घेतलं. पोरं एकटी जातील म्हणून सगुणही चढला.

होडी तोंडावर उलटली. तिघं पोहून वाळूवर आले. चौघांना सगुणने एकेक करून बाहेर काढलं. सातही जण बाहेर आले. आणि मग सगुण पुन्हा पाण्यात गेला, पाचव्यांदा. तो परत आला दोन दिवसांनी, तीन कोस दक्षिणेला, कोळ्यांच्या जाळ्यात.

चौकीच्या खिडकीबाहेर मी उभा होतो. उंच पोरगा आत सांगत होता, "तो प्यालेला होता साहेब. शुद्धीतच नव्हता. आम्ही सगळे बाहेर आलो होतो, तरी परत पाण्यात गेला. शुद्धीवरचा माणूस असं करेल का?"

"नाव?" हवालदाराने विचारलं.

"अरविंद जयसिंग सरनोबत."

बाकीच्या सहा जणांनी खाली सह्या केल्या.

आता तुम्ही म्हणाल, दारूचा डाग तो केवढा. कोकणात काय कोणी पीत नाही? पितात. आमच्यातही पितात. पण पिऊन होडीत पाय टाकत नाहीत. धक्क्यापासून थोडं खाली, नदीच्या मध्यावर राखणदाराचा खडक आहे. नदी त्याची. पिऊन तरीवर चढला तो त्याचा गुन्हेगार, हा आमच्या पाण्याचा कायदा. नारळी पुनवेला गावच्या सगळ्या होड्या खडकाला जमतात. गावकार, म्हणजे गावचा मानकरी, देवाला गाऱ्हाणं घालतो आणि पाण्यावर कामात गेलेल्या प्रत्येकाचं नाव घेतो. प्रत्येक नावाला सगळा गाव म्हणतो, "व्हय म्हाराजा!" नाव घेतलं की तो माणूस राखणदाराच्या पदरात. नाही घेतलं तर तो कुठेच नाही.

सगुणचं नाव कधी घेतलं नाही. बाबी गावकार माझ्या आईला तोंडावर म्हणाले, "वहिनी, पोरगो चांगलो होतो तुझो. पण सातय जणा भायर इली आणि ह्यो परत पाण्यात गेलो, ह्याका काय म्हणाचा? जो पिवन होडयेर चढलो, तेचा नाव घेवक माझी जीभ वळाची नाय."

पाचव्यांदा का गेला?  त्याने आयुष्यात थेंबाला हात लावला नव्हता, पण हे मेलेल्याच्या आईने सांगून कोण ऐकतो? गावची तर आमच्या हातून गेली. मी 'दारुड्याचो भाव' झालो. शाळेत झालो, बाजारात झालो, लग्नाच्या बोलण्यातही झालो. आणि आई दर नारळी पुनवेला एक असोला, न सोललेला नारळ घेऊन काठावर जाऊन बसे, सगुणचं नाव आलं तर पाण्यात सोडायला. नाव येत नसे. नारळ ती घरी आणी, फोडत नसे, विकत नसे, माळ्यावर टाकी. त्या साली माळ्यावर अठ्ठावीस नारळ होते.

आणि हे साहेब माझ्या होडीत बसून आमच्या मढ्याची गोष्ट सहलीची गंमत म्हणून सांगत होते.

परतताना धक्का ओलांडून मी होडी थोडी खाली, खडकाशी नेली. तिथं मी इंजिन बंद करून गाऱ्हाणं घालतो, हे पॅकेजातच आहे. पाहुण्यांना फार आवडतं. म्हणजे मॅनेजरच्या भाषेत 'लोकल टच'. मी उभा राहिलो, हात जोडले.

"बा राखणदारा म्हाराजा! मी देवाक कायतरी सांगतलंय, तुमी सगळ्यांनी मोठ्यान म्हणाचा, व्हय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सई किंचाळली.

"ही जी लेकरा कोल्हापुरासून तुझ्या पाण्यार इली हत, तेंका सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" साहेबांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. "वा! काय लय आहे! उद्यापण करा हं हे. उद्या मी व्हिडिओ घेतो."

"व्हय," मी म्हणालो. "उद्या नक्की."

सईला तर चाळाच लागला. धक्क्यावर मृणाल म्हणाली, "आता आंघोळ करायची ना?" तर "व्हय म्हाराजा!" सरबत पाहिजे? "व्हय म्हाराजा!" सगळे हसत होते. मीही हसलो. खोटं कशाला सांगू, त्या हसण्यातच माझा उद्याचा बेत शिजला.

घरी आलो तेव्हा आई अंगणात सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत होती. चौऱ्याहत्तर वर्षांची होती, नजर गेली होती, पण बोटं चालायची.

"लवकर इलंस?"

"आये, बाबी गावकार जिवंत आसत मां?"

"मेलेत तर तुका ढोल ऐकाक येतीत." तिने सुंगटाचं डोकं मोडलं. "कित्याक रे?"

"काय नाय. असाच."

 मग दरवर्षी विचारायची तेच तिने विचारलं, पुनवेला अजून तीन महिने असताना. "औंदा तरी घेतीत रे नाव? मी आता किती पुनवे बघतलंय?"

 मी बाहेर पडलो आणि बाबी गावकारांच्या घरापुढच्या खळ्यात जाऊन उभा राहिलो. ऐंशीचे होते ते, पण ताठ.

"गावकारानु, उद्या सांजचे माझ्या होडयेत येशात?"

"माका खय न्हेतंस ह्या वयात?"

"खडकाकडे. साक्षीदार इलो हा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. कसला साक्षीदार, ते त्यांनी विचारलं नाही. "नारळ हाडतंय," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वैशाख वद्य तृतीया. आमच्याकडे भरतीची वेळ घड्याळावर बघत नाहीत, तिथीची पाऊणपट करतात. तीनची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे सव्वादोनला पूर्ण भरती आणि पाच वाजता सुकती जोरात, सगळं पाणी समुद्राकडे. सत्याहत्तर सालीही पाणी असंच ओढत होतं. मी रिसॉर्टला पाचची वेळ दिली.

"सूर्यास्ताक बरोबर पडात," मी मॅनेजरला म्हणालो.

"पण तोंडावर नको हां न्यायला आज."

"छ्या! खडकापर्यंतच."

लाइफ जॅकेटं वाटली. सईच्या जॅकेटचा पट्टा मी स्वतः बांधला आणि दोनदा ओढून तपासला. मृणालचा आणि शैलाबाईंचा एकदा. साहेबांचा तपासलाच नाही.

गावकार होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, पाठ करून बसले होते, मांडीवर नारळ. "हे आमचे गावातले म्हातारे," मी सांगितलं. "पलीकडे जाऊचे आसत."

"असू दे की! फोटो काढू का आजोबा?" साहेबांनी विचारलं. गावकारांनी मान वळवली नाही.

खडक आला. मी इंजिन बंद केलं. काल होडी खडकाशी थांबली होती, कारण काल पाणी सांदलेलं, भरती-सुकतीच्या मधलं थांबलेलं होतं. आज ती थांबली नाही. खडक बाजूने गेला आणि होडी आपोआप पुढे निघाली, नदीच्या तोंडाकडे. तिथं पांढरी रेघ दिसत होती. तिथवर पोचायला होडीला दहा मिनिटं लागतात. मला माहीत होतं, गावकारांना माहीत होतं. साहेबांना माहीत नव्हतं, ते व्हिडिओ चालू करत होते.

"हं, करा सुरू!"

मी उभा राहिलो.

"बा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तिघांचे आवाज. शैलाबाईंचा नव्हता, त्यांनी पांढरी रेघ पाहिली होती.

"तुझ्या पाण्यार आज कोल्हापूरची लेकरा इली हत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"एकोणतीस वर्सांमागे अशीच सात लेकरा इली होती, ती तू बघितलंस रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता मृणाल आणि सई दोघीच. साहेबांचा कॅमेरा डोळ्यापासून थोडा खाली आला.

"तेंच्या होडयेर सगुण विठू मेथर तारी होतो. सुकती आसा, नको म्हणान तेना सांगल्यान. तरी तेच्या हातातला वल्हा काढून घेतल्यानी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मृणालचा आवाज अडखळला. तिने वडिलांकडे पाहिलं.

"चार जीव तेना आपल्या हातान भायर काढल्यान. तेचा मढा हाताक लागाच्या आधीच जेना चौकीत सांगल्यान का तारी पिवन होतो, तो आज ह्या होडयेत बसलो हा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" एकट्या सईचा आवाज. पाण्यावर स्वच्छ घुमला. मग तिलाही कळलं की आपल्याबरोबर कोणी म्हणत नाही, आणि ती गप्प झाली.

"बाबा?" मृणाल म्हणाली. "हे कुणाबद्दल बोलतायत?"

"इंजिन चालू करा," साहेब म्हणाले. आता लाटांचा आवाज येत होता. "आधी इंजिन चालू करा, मग काय ते बोलू."

"बोला आणि मगे चालू करतंय."

"माझी नात आहे होडीत! वेडे झालात काय?"

"तिचो पट्टो मी दोनदा बघलंय. तुम्ही आपलो बघा." मी इंजिनच्या दोरीला हात लावला नाही. "साहेब, माझा नाव तुम्ही इचारलासच नाय. दिगंबर विठू मेथर. सगुण माझो भाव. घरात आमची आवस आसा, तिका डोळ्यांनी दिसत नाय. हे गावकार. हेंनी सगुणाचा नाव ह्या पाण्यार घेतला नाय, कारण तुम्ही सांगलास तो पिललो म्हणान. तुमच्या तोंडान सांगा. पिललो होतो?"

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग मुलीकडे. मग म्हणाले, "मी एकवीस वर्षांचा होतो."

"माझो भाव चोवीस वर्सांचो होतो. अजून तेवढोच आसा."

"किती वर्षं झाली त्या गोष्टीला! आता काय उकरून..." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. होडी एकदा वर उचलली जाऊन खाली बसली. तोंडावरची पहिली लाट नव्हे, तिचा फक्त निरोप. सई आईच्या कुशीत शिरली. गावकार नाळेवरून शांतपणे म्हणाले, "दिगू, पोरग्येचा बघ." मी ऐकलं आणि तरी हात हलवला नाही. मला देव बघत होता, गावकार बघत होते, आणि मला कोणाचीच पर्वा नव्हती. त्या मिनिटाला मला त्या माणसाच्या तोंडचा एक शब्द हवा होता, मग होडी राहो की जावो.

"होय महाराजा."

आवाज बारीक होता. शैलाबाईंचा. फळीवरचे हात सोडून त्यांनी ते जोडले होते.

"शैला!" साहेब ओरडले.

"होय महाराजा," त्या पुन्हा म्हणाल्या, खडकाकडे तोंड करून. मग माझ्याकडे वळल्या. "प्यालेले नव्हते ते. एक थेंबही नाही. त्यांनी काढलेल्यातली चौथी मी. त्यांचं तोंड माझ्या तोंडाजवळ होतं, मला वास आला असता. खाऱ्या पाण्याशिवाय कसलाही वास नव्हता."

"मगे पाचव्यांदा कित्याक गेलो?" हा प्रश्न मी नाही विचारला, गावकारांनी विचारला. एकोणतीस वर्षं त्यांच्याही गळ्यात अडकला होता तो.

शैलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो सांगतो का म्हणून वाट पाहिली. तो सांगेना.

"कॅमेऱ्यासाठी," त्या म्हणाल्या. "हे वाळूवर बसून रडत होते. वडिलांचा कॅमेरा आहे, न विचारता आणलाय, मला घरात घेणार नाहीत. पिशवी होडीला अडकलेली दिसत होती. तुमचे भाऊ धापा टाकत होते. तरी हसले. म्हणाले, 'रडा नको रे, हाडतंय.' हाडतंय, म्हणजे आणतो; ते शब्द मला पाठ आहेत. आणि गेले. हे चौकीत काय बोलले ते मी ऐकलं आणि खाली सही केली. मग ह्यांच्याशीच लग्न केलं. सगळ्या जन्मात मी दुसरं काही केलं नाही, ती सही लपवली."

आम्हाला वाटायचं, पाचवा कोणीतरी माणूस असेल. आमची चूक झाली असेल मोजण्यात. कुणीतरी असेलच, ज्याच्यासाठी सगुण गेला. तर कुणी नव्हतं. पिशवी होती.

"द्या तो इकडे," शैलाबाई म्हणाल्या.

साहेबांना कळलं नाही. शैलाबाईंनीच साहेबांच्या गळ्यातला पट्टा डोक्यावरून काढला, कॅमेरा हातात घेतला, होडीच्या कडेवरून खाली वाकल्या आणि सोडून दिला. फेकला नाही. बुडबुडे आले आणि होडी पुढे गेली.

मी दोरी ओढली. इंजिन चालू झालं नाही. पुन्हा ओढली. नाही. समोरची पांढरी रेघ आता रेघ राहिली नव्हती, भिंत झाली होती आणि तिचे शिंतोडे तोंडावर येत होते. सई रडायला लागली आणि तेव्हा, खरं सांगतो, मला साहेबांचा विसर पडला. सूड घ्यायला निघालेल्या माणसाच्या होडीचं इंजिन बंद पडलं की त्याला कळतं, आपणही त्याच होडीत आहोत. तिसऱ्या ओढीला ते खाकरलं आणि लागलं. मी दांडा गपकन वळवला. होडी आडवी होऊन एक लाट अंगावर घेऊन वर आली, आणि आम्ही माघारी फिरलो.

खडकाशी गावकारांनी हात वर केला. मी इंजिन हळू केलं. ते नाळेवर उभे राहिले, ऐंशी वर्षांचा माणूस, आणि त्यांनी नारळ पाण्यात सोडला. त्यांचं गाऱ्हाणं फार लहान होतं. "म्हाराजा, माझी जीभ चुकली. पुनवेक भरून देतंय."

धक्क्यावर साहेब सगळ्यांत शेवटी उतरले. जिना चढताना त्यांना आधाराला हात लागला असता. मी दिला नाही, मृणालनेही दिला नाही. रात्र न काढता ती मंडळी संध्याकाळीच गाडी करून गेली.

घरी आईला सांगितलं. तिने मांडीवरची ताटली बाजूला ठेवली. "पाचव्यांदा कोणासाठी गेल्लो?" तिने लगेच विचारलं.

"एक पोरगी होती," मी म्हणालो. "तिका हाडूक."

"वाचली?"

"वाचली, आये. तिनाच आज सांगल्यान."

आयुष्यात मी आईशी एवढं एकच खोटं बोललो आणि ते ती जाईपर्यंत निभावलं.

त्या नारळी पुनवेला सगळ्या होड्या खडकाशी जमल्या. बाबी गावकारांनी सगळ्यात पहिलं नाव सगुणचं घेतलं. सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणाला, ज्यांनी मला शाळेत 'दारुड्याचो भाव' म्हटलं होतं तेही म्हणाले. आई माझ्या होडीत होती. दोन पोती बरोबर घेतली होती. एकेक करून तिने माळ्यावरचे अठ्ठावीस वाळके नारळ पाण्यात सोडले आणि शेवटी त्या सालचा ताजा. चाचपून चाचपून सोडले, घाई नाही केली. सगळ्या होड्या ती संपेपर्यंत थांबल्या. दोन वर्षांनी ती गेली.

मला वाटलं होतं, इथंच संपलं. पण दहा वर्षांनी एका थंडीतल्या सकाळी धक्क्यावर साहेब उभे दिसले. एकटे, वाळलेले, छातीशी लाल फडक्यात बांधलेला कलश.

"शैला गेली," ते म्हणाले. "तिची इच्छा होती. त्या खडकापाशी सोडा म्हणाली."

मी कलशाकडे पाहिलं.

"तिघा होडीवाल्यांना विचारलं मी. कोणी नेत नाही. तुमच्याकडं बोट दाखवतात." पाण्यात राहून माशाशी वैर करायचं नाही म्हणतात; ह्यांनी आख्ख्या नदीशी केलं होतं. "दिगंबर, एवढं करा. तुम्ही म्हणाल ते मी..."

मी हात पुढे केले. त्यांना वाटलं, आधार देतोय. मी कलश घेतला, कपाळाला लावला आणि होडीत मधोमध ठेवला, जिथं शैलाबाई बसल्या होत्या तिथं. साहेब मागोमाग एक पाय होडीत टाकायला लागले.

"थांबा," मी म्हणालो.

खिशातून मी नावांचा कागद काढला. होडीत बसणाऱ्या प्रत्येकाचं लिहावं लागतं. शैला सरनोबत, कोल्हापूर, एवढं लिहिलं. वयाची जागा मोकळी सोडली. ह्या वेळी पेन कुठं थांबलं नाही.

"आणि माझं?" त्यांनी विचारलं. पाय तसाच हवेत होता.

"तुमचा नाव ह्या पाण्यार घेवचा नाय," मी म्हणालो आणि दोरी ओढली. इंजिन पहिल्याच ओढीला चालू झालं. मी बाईंना घेऊन खडकाकडे निघालो. मागे वळून पाहिलं नाही.